जोतं फोडायचं आहे आणि वर कौलारू पडवी उभी आहे. छप्पर कशावर धरायचं?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं माहेरचं घर आहे. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे २४ फूट लांब आणि ८ फूट रुंद पडवी. पडवीच्या बाहेरच्या कडेला फणसाचे चार खांब, त्यांच्या डोक्यावर लांबलचक तुळई आणि तुळईवर वासे टेकलेले. वाशांची वरची टोकं घराच्या भिंतीत गेली आहेत. वळचण तुळईच्या पुढे आणखी दोन फूट येते. आई तिथे एकटी असते, वय ७४. मी डोंबिवलीला नोकरी करते, महिना-दीड महिन्याने एक फेरी होते.

पडवीचं जोतं जांभ्या चिऱ्यांचं, अंगणापासून दोन फूट उंच. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ते बाहेर फुगलं आहे. साधारण दहा फुटांत चिरे सुटे झालेत, एका फटीत माझा अख्खा पंजा जातो. त्या दहा फुटांत दोन खांब येतात, कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा. आई गेलं वर्षभर म्हणत होती, "खांब पोकळ झालाय गो, ठोकला की ढोलासारखा वाजतो." होळीला गेले तेव्हा कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला. तीन बोटं आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओल्या चहापत्तीसारखा भुगा होता. खांबाच्या मागच्या बाजूने वाळवीची मातीची रेघ थेट तुळईपर्यंत गेली आहे. शेजारचा खांब वरून ठीक वाटतो, पण त्याचाही पाय लाद्यांमध्ये गाडलेला आहे. २००१ साली शेणाची जमीन काढून लाद्या घातल्या, तेव्हापासून.

गावातला ठेकेदार म्हणतो, "पाच बांबू देतो वाशांना, दोन दिवसांत जोतं फोडतो, आठवड्यात नवीन बांधून देतो. कौलं काढायची गरज नाही, काढली की फुटतात." बांबू कुठे उभे करणार विचारलं तर म्हणाला, पडवीतच, लाद्यांवर. माणूस कष्टाळू आहे, गावातल्या बऱ्याच जणांची कामं त्याने केली आहेत. पण त्याने हे सांगितल्यापासून मला रात्री झोप नाही. आईचा सगळा दिवस पडवीत जातो. तांदूळ तिथेच निवडते, दुपारी तिथेच आडवी होते, येणारा-जाणारा तिथेच टेकतो.

पाच बांबू पुरतील का? कौलं काढावीत का? आणि ज्या जोत्यावर छप्पर उभं आहे तेच फोडायचं तर टेकू उभा कशावर करायचा? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं आटपायला हवं.

परसदार

ताई, आमच्याकडे गुहागरला अशीच पडवी होती. आम्ही सगळं लाकूड उतरवलं, लोखंडी पाईप उभे केले आणि वर रंगीत पत्रा मारला. आठ दिवसांत काम संपलं. वाळवी नाही, दरवर्षी कौलं परतायची कटकट नाही. सडक्या खांबांना टेकू देत बसण्यापेक्षा एकदाच मोकळं व्हा, हे माझं मत. पत्र्याखाली उन्हाळ्यात तापतं हे मात्र मान्य करतो. आईंना दुपारी तिथे झोपता येणार नाही.

ओळंबा

ताई, सगळ्यात आधी सांगतो. त्या ठेकेदाराला आजच फोन करा आणि मी खाली लिहितो ते होईपर्यंत एकही चिरा हलवू नका म्हणून सांगा. आणि आईंना आजपासून पडवीच्या त्या अर्ध्या भागात बसू देऊ नका.

मी सुतारकाम करणाऱ्या घरातला. तीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जुन्या घरांची दुरुस्ती करतो. खांब बदलणं, तुळई बदलणं, बसलेलं जोतं पुन्हा बांधणं, हेच माझं काम. बांबूला मी नावं ठेवत नाही. चांगला पिकलेला बांबू भरपूर वजन घेतो. तुमच्या ठेकेदाराचं चुकतंय ते बांबू उभे करण्याच्या जागेत.

पडवीची जमीन म्हणजे काय? चिऱ्यांची भिंत, तिच्या आत भरलेली लाल माती आणि वर लाद्या. त्या मातीला बाहेर जाऊ न देणारी एकच गोष्ट म्हणजे चिऱ्यांची भिंत, आणि तीच तुम्ही काढणार. मग भराव मोकळा होतो आणि त्यावर उभा असलेला टेकू त्याच्याबरोबर सरकतो. लादी वरून घट्ट दिसते, पण खालची माती गेल्यावर लादी म्हणजे नुसतं झाकण.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९९४ च्या मे महिन्यात देवगडकडे मी वडिलांच्या हाताखाली होतो. असंच जोतं, अशीच पडवी. आम्ही सात टेकू दिले होते, चांगले सागाचे, पण पडवीच्या जमिनीवर. संध्याकाळी आठ फूट जोतं उघडं करून घरी गेलो. रात्री वळीव आला. भराव भिजला, पहाटे चारच्या सुमाराला मधले तीन टेकू मातीसकट अंगणात आले आणि मागोमाग छप्पर. त्या घरच्या आजी रोज पाचला दिवा घेऊन पडवीत यायच्या. एका तासाचा फरक. वडिलांनी ती पडवी स्वतःच्या पैशाने पुन्हा उभी केली, आणि त्यानंतर जोतं फोडताना आमचा एकही टेकू भरावाच्या कडेला उभा राहिलेला नाही.

आता तुमच्या पडवीचं वजन बघू. वळचण धरून छप्पर साधारण २६० चौरस फूट. मंगलोरी कौल एक चौरस मीटरला सुमारे १५ लागतात, एकेक अडीच किलोच्या आसपास. म्हणजे ३६० ते ४०० कौलं, जवळजवळ एक टन. वासे, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं टेकतात), तुळई मिळून अर्धा टन धरा. दीड टन झालं, तेही कोरडं. कौल पाणी पितं, त्यामुळे वळीव पडला की वाढतं. यातलं निम्म्याहून जास्त बाहेरच्या तुळईवर येतं, कारण वळचण पुढे लोंबते. तुळईवर साधारण नऊशे ते हजार किलो. तुमचे दोन खांब मिळून त्यातलं निम्मं घेतात. म्हणजे पाचशे किलो, आणि त्यातला एक खांब आज भुश्श्यावर उभा आहे.

म्हणून कौलं उतरवायची. ठेकेदार म्हणतो फुटतात. फुटतील, शंभरातली पाच-सात फुटतील, जुनी जोडीची मिळतात. पण कौलं उतरवली की दोन तृतीयांश वजन गेलं. शिवाय तुळई आणि वाशांची टोकं नीट बघता येतात. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून सुरुवात भिंतीकडून करून वळचणीकडे यायचं. पूर्ण लांबीतली वरची ओळ, मग दुसरी, मग तिसरी. एका बाजूची सगळी काढून दुसरी भरलेली ठेवायची नाही, छप्पर पिळतं. माणसाने वाशावर पाय देऊ नये, शिडी किंवा घोडी लावून काढावीत. आणि उतरवलेली कौलं अंगणात लांब, उभी रचा. खांबाला टेकवून ठेवलेली मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

कौलं काढायला लागण्याआधीच कोपऱ्यातल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, एकेका फुटावर, तुळईखाली एकेक टेकू द्या. जोतं अजून शाबूत आहे तोवर हे पडवीच्या जमिनीवर चालतील, खाली जाड फळी घालून. हे फक्त कौलं उतरेपर्यंतचे. पडवीतला झोपाळा, माळ्यावरची लाकडं, नारळ, जे काही असेल ते आधी खाली. भिंतीवर मीटर आणि वायरी असतील तर वायरमनकडून त्या भागाची वीज बंद करून घ्या.

मग खरा आधार. जोत्याच्या दोन्ही बाजूंना पाय असलेली घोडी करायची. एक पाय अंगणात, जोत्यापासून तीन फूट बाहेर, म्हणजे गवंड्याला हलायला जागा राहते. दुसरा पाय पडवीत, जोत्याच्या कडेपासून पाच फूट आत. भराव जेवढा खोल उघडणार, उघड्या कडेपासून निदान तेवढं अंतर टेकूला हवंच. तुमचा भराव दोन फूट, खोदाई आत अडीच फूट जाईल, म्हणजे पाच फुटांवर बेताचं सुरक्षित आहे. या दोन पायांवर एक आडवा वासा, ४ बाय ६ इंचाचा, सरळ, गाठी नसलेला, सहा इंची बाजू उभी ठेवून. हा वासा तुळईच्या खालून आडवा जाईल आणि तुळईला उचलून धरेल.

इथे एक गोष्ट अडते, ती आधीच सांगतो. वळचण उताराने खाली आलेली असते, त्यामुळे हा आडवा वासा बाहेर काढायला गेलात की छपराच्या वाशांना आणि वळचणीच्या कडेच्या पागोळीच्या फळीला आपटतो. तो दोन वाशांच्या मधूनच बाहेर काढावा लागतो. तेवढ्यापुरती पागोळीची फळी काढायची, दोन-तीन रिपा कापायच्या, मागाहून जोडता येतात. कौलं उतरवलेली नसली तर हे जमतच नाही.

अशा घोड्या तुम्हाला तीन हव्यात. एक कोपऱ्याजवळ, एक दोन खांबांच्या मध्ये, एक दुसऱ्या खांबाच्या पलीकडे, जिथे जोतं शाबूत आहे तिथे. पाय लाकडी असोत की भाड्याचे लोखंडी प्रॉप, प्रत्येकाखाली दीड-दोन फूट लांबीची जाड फळी. अंगणातली माती आधी धुमसाने ठोकून घ्या. प्रॉप जितका ताणून लांब कराल तितका तो कमी वजन पेलतो, म्हणून अंगणाच्या बाजूला मोठ्या मापाचे आणा. घोडीच्या दोन पायांना आणि तिन्ही घोड्यांना आपसात फुलीसारख्या पट्ट्या मारा. उभा टेकू वजनाने क्वचितच मोडतो. तो कलंडतो.

वजन उचलायला जॅक लावू नका, तुमच्या कामाला पाचरी पुरतात. आडवा वासा आणि तुळई यांच्यात पाचरींची जोडी, समोरासमोरून, एक ठोका इकडे, एक तिकडे, तिन्ही घोड्यांवर पाळीपाळीने. तुळई उचलायची नाही, फक्त खांबाला मोकळं करायचं. ते कसं कळतं? लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या आणि खांबाचं डोकं आणि तुळई यांच्यामध्ये सरकवून बघा. सरकला की थांबा. त्याहून वर नेलं तर वाशांची वरची टोकं भिंतीतून सुटायला लागतात.

आणि हो, ती वरची टोकं. सगळे खाली खांबाकडे बघतात आणि वर कुणी बघत नाही. मातीच्या भिंतीत गेलेलं लाकूड आतून संपलेलं असू शकतं. उतरत्या छपराला बाहेरच्या बाजूला सरकायची ओढ असते, त्याला मागे धरून ठेवतात ती हीच टोकं. कौलं काढलीत की प्रत्येक वासा भिंतीजवळ टोचून बघा. एक जरी सडका निघाला तरी तुळईला जाड दोर किंवा साखळी घालून ती घरातल्या पक्क्या खांबाला मागे बांधा. खरं तर सगळे चांगले निघाले तरी बांधा.

परसदार, तुमचा पत्रा तुमच्याजागी बरोबर असेल. पण ताईंच्या घराच्या भिंती मातीच्या आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर मी तीन महिने दापोली-मंडणगडकडे कामाला होतो. हलका पत्रा वाऱ्याने उचलला जातो, आणि जिथे तो पक्का बांधलेला होता तिथे भिंतीचा तुकडा घेऊन गेलेला पाहिला. कौलंही उडाली, पण चारशे कौलं एकदम उडत नाहीत.

अटलांटिककाठ

मी न्यू जर्सीत असतो. आमच्या घराचा पुढचा पोर्च १९२० च्या दशकातला, लाकडी. छप्पर चांगलं होतं, पण जमीन आणि पायऱ्या कुजल्या होत्या, त्या सगळ्या काढायच्या होत्या. म्हणजे दुखणं तेच, फक्त आमच्याकडे चिऱ्यांऐवजी लाकूड. टाउनशिपचा परवाना काढावा लागला, तिथल्या तपासनिसाने पहिला प्रश्न हाच विचारला की टेकू पोर्चवर उभा करणार की जमिनीवर.

आम्ही जुन्या तुळईच्या जरा आतल्या बाजूला दोन जाड फळ्या जोडून तात्पुरती तुळई केली, पोर्चच्या जमिनीला भोकं पाडून टेकू थेट खालच्या मातीपर्यंत नेले. सगळं बरोबर होतं. पण महिना मार्च, बर्फ नुकताच वितळलेला. एका रात्रीत मधला टेकू अर्धा इंच मातीत बसला आणि सकाळी दार उघडेना, कारण चौकट दाबली गेली. खाली फळी छोटी घातली होती. दुप्पट लांबीची घातली, मग थांबलं. ओळंबा यांनी फळीचं लिहिलंय ते हलक्यात घेऊ नका. टेकूच्या वरच्या आणि खालच्या टोकाला स्क्रू मारून ते अडकवून ठेवा, येता-जाता कुणाचा पाय लागला तरी निसटू नयेत.

माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबादादा, तुमचं उत्तर मी छापून घेतलं आणि शनिवारी गावी जाऊन ठेकेदारासमोर वाचून दाखवलं. आधी तो म्हणाला, इतक्या वर्षांत माझं एकही छप्पर पडलं नाही. मी त्याला खांबापाशी नेलं आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. त्याने टोचून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, चार दिवस वाढतील, मजुरी वाढेल, पण करू तुम्ही म्हणता तसं. आईला समोरच्या काकूंकडे झोपायला पाठवलं आहे. दिवसा ती मागच्या दारी बसते.

तीन शंका आहेत. एक, कौलं काढल्यावर पाऊस आला तर? ताडपत्री टाकू का? दोन, दहा फूट जोतं एकदम फोडायचं की टप्प्याटप्प्याने? तीन, खांब पूर्ण नवीन घ्यायचा की खालचा तुकडा बदलता येतो? तो खांब माझ्या पणजोबांनी घराच्या आवारातल्याच फणसाचा केलेला आहे. आईचा त्यात जीव आहे.

ओळंबा

ताडपत्री भिंतीच्या मातीसाठी टाका, कारण मातीची भिंत भिजवून चालणार नाही. पण कौलं नसलेल्या छपरावर ताडपत्री म्हणजे शीड. खालून वारा भरला की अर्ध्या टनाचं लाकूड पाचरींवरून उचललं जातं आणि परत बसताना पाचरी जागेवर नसतात. म्हणून तुळई खालीही बांधा. अंगणात दोन खुंट पक्के ठोकून तुळईला दोर ताणून द्या. ताडपत्री फक्त आभाळ भरून आलं तरच, आणि वारा सुटला तर ती काढायला माणूस हजर हवा.

जोतं टप्प्यांनी. तीन-साडेतीन फूट उघडायचं, पायापर्यंत साफ करायचं, बांधून वर आणायचं, मग पुढचं. दहा फूट एकदम उघडलं तर आतला भराव उभा राहात नाही. आणि ते फुगलं कशामुळे हे शोधल्याशिवाय बांधू नका. माझा अंदाज, पागोळीचं पाणी जोत्याच्या पायाशी पडतं आणि अंगण वर्षानुवर्षं माती टाकून उंच झालंय, त्यामुळे पाणी बाहेर जाण्याऐवजी आत मुरतं. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस त्या एका रेघेत पडतो. अंगणाचा उतार बाहेर करा, पागोळीखाली दगडी चर काढा किंवा पन्हळ लावा.

खांब. लाकूड वरून ठोकत खाली या. टणटण आवाज जिथे बदबद होतो तिथे खूण करा आणि त्याच्या वर एक वीतभर सोडून कापा. फणसाचं जुनं लाकूड आतून पिवळं-तपकिरी आणि कोरडं निघालं तर वरचा भाग शंभर टक्के ठेवा. खाली नवीन लाकडाचा तुकडा जोडण्यापेक्षा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, उंच घ्या. पूर्वी काळ्या दगडाचा तळखडा जमिनीच्या वर असायचा, लाकूड मातीला शिवायचंच नाही. २००१ साली लाद्या घातल्या तेव्हा तुमचे तळखडे सिमेंटखाली गेले, आणि खांबाचा पाय ओलाव्यात गाडला गेला. वाळवी नंतर आली. तळखडा जमिनीच्या वर नऊ इंच ते फूटभर ठेवा, मध्ये लोखंडी सळईचा खुंट, वरून थोडा उतार. सगळ्या चारही खांबांभोवतीचं सिमेंट फोडून बघा, दोनच नाही. आणि शेजारच्या चांगल्या खांबालाही खाली टोचा.

कापलेल्या टोकाला काजूच्या टरफलांचं तेल दोन हात द्या. होड्यांना लावतात तेच. हातमोजे घालूनच, कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात.

नवीन चिरेकामावर निदान आठवडाभर वजन नको, तळखड्याखालच्या काँक्रीटला दोन आठवडे द्या आणि दिवसातून तीनदा पाणी मारा. एप्रिलचं ऊन आहे. तोवर घोड्यांना हात लावायचा नाही. तुळईच्या मध्यावर ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टांगा आणि तो जमिनीवर जिथे दाखवतो तिथे खिळ्याने खूण करा. रोज सकाळी आईंना सांगा, टोक खुणेवर आहे का तेवढं लांबून बघायचं. एक दोरा जाडीने जरी हललं तरी काम थांबवून मला इथे लिहा.

माहेरवाशीण

काम झालं. उशिरा लिहिते आहे, माफ करा.

कौलं उतरवताना ३८२ मोजली, त्यातली २६ फुटली. ओणीच्या बाजूला एक जुनं घर उतरवत होते, तिथून त्याच छापाची मिळाली. वाशांच्या वरच्या टोकांपैकी दोन भिंतीत पूर्ण सडलेली निघाली. बाहेरून अजिबात कळत नव्हतं. दादा, तुम्ही लिहिलं नसतंत तर आम्ही त्या बाजूला बघितलंच नसतं. ते दोन्ही वासे बदलले.

पाचरी ठोकल्या त्या दिवशी मी रजा घेऊन हजर होते. ठेकेदार एका घोडीवर, त्याचा मुलगा दुसरीवर, एक गडी तिसरीवर. एक ठोका, मग थांबायचं, मग पुढच्याने. दुसऱ्या फेरीला तुळई करकरली आणि सगळे जागच्या जागी थांबले. मी माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्टुलावर उभी होते. चौथ्या फेरीला पत्रिका एका कोपऱ्यातून आत गेली, पाचव्या फेरीला अलगद आरपार सरकली. ठेकेदाराने खांबाला नुसता हात लावला आणि तो डोलला. बुडाशी काहीच नव्हतं. लाद्यांच्या भोकात मूठभर भुगा आणि वाळवीचं घर. इतके दिवस तो खांब छप्पर धरून होता की छपराने त्याला धरलं होतं, कुणास ठाऊक.

खालून दोन फूट कापून उरलेला खांब पिवळाधमक निघाला, वासही आला. आईने तो कापलेला तुकडा जाळू दिला नाही, उन्हात ठेवला आहे. चारही खांबांखाली आता काळे तळखडे आहेत. त्या भागात जोतं तीन टप्प्यांत बांधलं. पाण्याबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर होता, अंगण जुन्या पायरीच्या वर आठ इंच चढलेलं होतं. ते खरवडून उतार दिला, चर काढली.

मधल्या काळात एकदा वळीव आला, रात्री दोनला. आई काकूंच्या पडवीतून बॅटरी मारून बघत होती म्हणे. सकाळी ओळंब्याचं टोक खुणेवर होतं.

एकच विचारायचं होतं. कौलं चढवायच्या आधी घोड्या काढायच्या की नंतर?

ओळंबा

आधी पाचरी सैल करा, पण घोड्या काढू नका. तिन्ही घोड्यांवर पाळीपाळीने, एकेक ठोका उलट, म्हणजे तुळई हळूहळू खांबांवर बसेल. पत्रिका आता अडकली पाहिजे, चारही खांबांवर. एखाद्यावर सरकत असेल तर तिथे वजन जात नाही, लाकडाची पातळ चकती घालून घट्ट करा. मग घोड्या एक बोट अंतर सोडून तशाच उभ्या ठेवा आणि कौलं चढवा. या वेळी वळचणीकडून भिंतीकडे, पुन्हा पूर्ण लांबीत एकेक ओळ. सगळी कौलं चढून एक रात्र गेली की सकाळी ओळंबा बघा. जागेवर असेल तर घोड्या काढा, कापलेल्या रिपा जोडा, पागोळीची फळी मारा.

त्या ठेकेदाराला माझा नमस्कार सांगा. ऐकून घेऊन काम बदलणारा माणूस आहे.

माहेरवाशीण

कालच घोड्या काढल्या. ओळंबा जागेवर. ओळंब्याची दोरी आईने अजून सोडू दिलेली नाही, म्हणते पाऊस संपेपर्यंत राहू दे. झोपाळ्याच्या कड्या दिवाळीला लावू. आज दुपारी ती पडवीत झोपली होती, काकूंनी फोटो पाठवला.